पोटाचे डायलिसिस : वाहते पाणी किती उपयोगाचे?



कोजागरीच्या कार्यक्रमात मसाला दुधाचे पेले वाटून झाल्यावर आपल्या मंडळातील एका काकूंनी मला बाजूला घेतले. काकांचे मूत्रपिंड जवळजवळ थांबत आले आहे. डॉक्टरांनी डायलिसिसची तयारी करायला सांगून दोन महिने झाले, पण काका तयार नाहीत. कोणीतरी त्यांना मोबाइलवर एक मजकूर पाठवला होता. त्यात लिहिले होते की पोटातून सतत पाणी वाहते ठेवणारे नवे डायलिसिस निघाले आहे, ते जुन्यापेक्षा सहापट प्रभावी आहे, आणि लवकरच ते घरोघरी मिळेल. काकांचे म्हणणे, "आता सुई टोचून घेण्यापेक्षा थोडे थांबू. नवीन आले की तेच करू."

काकूंनी मला विचारले, कारण आमच्या घरात साडेचार वर्षे पोटाचे डायलिसिस चालले होते. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, १९६४ साली अमरावतीहून भोपाळला हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये नोकरीला आले आणि इथलेच झाले. २०१७ ते २०२१ या काळात साकेत नगरच्या घरात त्यांच्या पिशव्या बदलण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडे असे. मी डॉक्टर नाही. पण त्या काळात वाचले खूप, विचारले खूप, आणि अण्णा स्वतः यंत्रांचा माणूस असल्याने त्यांच्यामुळे समजलेही बरेच. काकूंना त्या रात्री दोन वाक्यांत उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख. आपल्यापैकी बऱ्याच घरांत मधुमेह आणि रक्तदाब आहे, आणि मूत्रपिंड निकामी होण्याची ही दोन प्रमुख कारणे आहेत. तेव्हा हा प्रश्न एकट्या काकांचा नाही.

पोटात गाळणी कुठून आली?

आपल्या पोटातील आतड्यांना आणि पोटाच्या आतल्या भिंतीला एक पातळ, गुळगुळीत पडदा झाकून असतो. त्याला उदरावरण किंवा पेरिटोनियम म्हणतात. तो उलगडून पसरला तर त्याचे क्षेत्रफळ साधारण आपल्या अंगावरच्या कातडीइतके भरेल. या पडद्यात अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. पोटाच्या पोकळीत स्वच्छ द्रव भरून ठेवले, तर रक्तातील युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम असे नको असलेले पदार्थ या पडद्यातून हळूहळू त्या द्रवात उतरतात. द्रवात ग्लुकोज म्हणजे साखर असते. ती रक्तातील जादा पाणी ओढून घेते. काही तासांनी ते द्रव काढून टाकायचे आणि नवे भरायचे, एवढेच हे डायलिसिस.

आपण नेहमी ऐकतो ते रक्ताचे डायलिसिस, म्हणजे हिमोडायलिसिस. त्यात हाताच्या फिस्टुलातून रक्त बाहेर काढून यंत्रातील गाळणीतून फिरवतात. ते साधारण आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, केंद्रात जाऊन करावे लागते. पोटाच्या डायलिसिसमध्ये रक्त शरीराबाहेर येतच नाही. बेंबीच्या खाली एक मऊ सिलिकॉनची नळी कायमची बसवतात, आणि बाकी सगळे घरी होते.

घरी करायच्या पद्धती आज दोन आहेत. पहिली सीएपीडी. यात दिवसातून तीन ते चार वेळा २ लिटरची पिशवी हाताने बदलायची. यंत्र नाही, वीज नाही. पिशवी वर टांगली की द्रव आत जाते, रिकामी पिशवी जमिनीवर ठेवली की जुने द्रव बाहेर येते. एका वेळेला अर्धा-पाऊण तास लागतो. दुसरी एपीडी. यात सायकलर नावाचे छोटे यंत्र रात्री झोपेत आठ-दहा तास आपोआप द्रव भरते आणि काढते.

या दोन्ही पद्धतींत एक गोष्ट सारखी आहे. भरा, थांबा, काढा. काकांना आलेल्या मजकुरातील पद्धतीत हे थांबणेच नाही. एका बाजूने द्रव सतत आत येते आणि दुसऱ्या बाजूने सतत बाहेर जाते. तिला सतत प्रवाही पेरिटोनियल डायलिसिस म्हणू या.

ही कल्पना नवी नाही

वाचताना मला पहिला धक्का इथेच बसला. माणसावर पोटाच्या डायलिसिसचा पहिला प्रयोग जर्मनीत गेओर्ग गांटर यांनी १९२३ साली केला. नंतर १९४६ साली अमेरिकेत बॉस्टन येथे फ्रँक, सेलिगमन आणि फाइन या डॉक्टरांनी अचानक मूत्रपिंड बंद पडलेल्या रुग्णाला या मार्गाने वाचवले. त्यांची पद्धत सतत प्रवाहाचीच होती. पोटात दोन नळ्या, एकीतून द्रव आत, दुसरीतून बाहेर.

मग ती मागे का पडली? नळ्या अडत, जंतुसंसर्ग होई, आणि द्रव प्रचंड लागे. १९५९ च्या सुमारास एकच नळी वापरून भरा-थांबा-काढा ही सोपी पद्धत रूढ झाली. १९६८ साली हेन्री टेंकहॉफ यांनी कायमस्वरूपी बसवता येणारी सिलिकॉनची नळी आणली. तीच थोड्याफार फरकाने आजही वापरतात.

पुढची गोष्ट अण्णांची आवडती होती. १९७५ च्या सुमारास अमेरिकेतील ऑस्टिन शहरात एका रुग्णाच्या हातातील रक्तमार्ग पुन्हा पुन्हा बंद पडत होता, आणि त्याला दुसऱ्या शहरात राहायला जायचे नव्हते. तेव्हा रॉबर्ट पोपोविच या अभियंत्याने आणि जॅक मॉन्क्रिफ या डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडला. द्रव पोटात बराच वेळ राहू दिले तर ते युरियाने जवळजवळ पूर्ण भरते. मग दिवसाला २ लिटरच्या पाचच खेपा पुरतील. यातून सीएपीडी जन्माला आले. "बघ, डॉक्टरच्या शेजारी इंजिनिअर बसला की काम होते," असे अण्णा प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. भारतात ही पद्धत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आली.

म्हणजे वाहत्या पद्धतीकडून थांबत्या पद्धतीकडे जाण्याला कारण होते. थांबती पद्धत कमी द्रवात, कमी सामानात आणि घरच्या घरी जमत होती.

वाहत्या पाण्याने फरक का पडतो?

एका बादलीत मळका कपडा भिजत घातला तर सुरुवातीला मळ भराभर सुटतो. पाणी गढूळ झाले की वेग मंदावतो. तोच कपडा वाहत्या नळाखाली धरला तर मळ शेवटपर्यंत त्याच वेगाने सुटत राहतो. पोटातील द्रवाचेही असेच आहे. थांबलेल्या द्रवात युरिया साठत जातो, आणि रक्त व द्रव यांतील फरक कमी झाला की उतरण्याचा वेग पडतो. द्रव वाहते ठेवले तर फरक कायम राहतो. शिवाय द्रव ढवळले जात असल्याने पडद्यालगत साचलेला थरही हलतो. साखरेचेही तसेच. थांबलेल्या द्रवातील साखर रक्तात शोषली जाते आणि पाणी ओढण्याची ताकद संपते. वाहत्या द्रवात ती टिकते, त्यामुळे कमी साखरेच्या द्रवानेही पुरेसे पाणी काढता येऊ शकते. मधुमेही रुग्णासाठी ही मोठी गोष्ट आहे.

आता आकडे पाहू. सीएपीडीत २ लिटरच्या चार पिशव्या, म्हणजे ८ लिटर, आणि वर ओढले गेलेले सुमारे १ लिटर पाणी, असे दिवसाला ९ लिटर द्रव बाहेर येते. ते युरियाने रक्ताइतकेच भरलेले आहे असे धरले, तर मिनिटाला सुमारे ६ मिलिलिटर रक्तरस युरियामुक्त झाला असा हिशेब होतो. सतत प्रवाही पद्धतीत द्रव मिनिटाला १०० ते ३०० मिलिलिटर वेगाने फिरवतात, आणि युरियाची सफाई मिनिटाला ३० ते ५० मिलिलिटरपर्यंत मिळाल्याची नोंद आहे. ४० धरले तर ते सहापटीहून जास्त झाले. काकांच्या मोबाइलवरचा "सहापट" बहुधा इथून आला असावा.

पण इथे एक गोम आहे. सीएपीडी चोवीस तास चालते. सतत प्रवाही पद्धत यंत्राला जोडलेले असतानाच चालते, समजा रात्रीचे आठ तास. आठ तासांचे ४८० मिनिट गुणिले ४०, म्हणजे सुमारे १९ लिटर. सीएपीडीचे ९ लिटर. म्हणजे दिवसाचा हिशेब केला की सहापटीचे दुप्पट होते. दुप्पटही कमी नाही, पण सहापट आणि दुप्पट यांत फरक आहे, आणि निर्णय घेताना तो कळायला हवा.

दुसरी गोष्ट. युरिया हा लहान रेणू, तो पटकन उतरतो. पण रक्तात मध्यम आकाराचेही विषारी रेणू असतात. ते पडद्यातून सावकाश सरकतात. त्यांच्यासाठी द्रव किती वेगाने वाहते यापेक्षा किती तास पोटात आहे हे जास्त महत्त्वाचे. तिथे चोवीस तासांची साधी पिशवी मागे नाही.

आठवड्याचा हिशेब आणि आयुष्याचा हिशेब

डायलिसिस पुरेसे होते आहे का, हे पाहण्यासाठी डॉक्टर एक आकडा काढतात. आठवड्यात जितके लिटर रक्तरस युरियामुक्त झाला त्याला शरीरातील एकूण पाण्याने भागायचे. ६० किलोच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३५ लिटर पाणी धरू. चार पिशव्यांवर आठवड्याचे ६३ लिटर, म्हणजे आकडा १.८. पोटाच्या डायलिसिससाठी १.७ हा आकडा पुरेसा मानला जातो. सतत प्रवाही पद्धतीने आठवड्याचे १३३ लिटर, म्हणजे आकडा ३.८.

मग ३.८ वाला माणूस १.८ वाल्यापेक्षा जास्त जगतो का? हाच खरा प्रश्न, आणि इथे उत्साहाला लगाम घालावा लागतो.

२००२ साली मेक्सिकोतील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटाचे डायलिसिस करणाऱ्या ९६५ रुग्णांचे दोन गट केले. एकाला नेहमीच्या चार पिशव्या, दुसऱ्याला वाढवलेला डोस. दोन वर्षांनी जगलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, ७० टक्क्यांच्या आसपास निघाले. त्याच वर्षी अमेरिकेतून रक्ताच्या डायलिसिसवरील १८०० हून अधिक रुग्णांचा अभ्यास आला. तिथेही नेहमीपेक्षा जास्त डोस दिल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे एका मर्यादेपर्यंत सफाई हवीच, पण त्यापुढे युरिया आणखी घासून काढल्याने आयुष्य वाढते असे दिसले नाही.

उलट दुसऱ्या एका गोष्टीने वाढते असे दिसले. कॅनडा आणि अमेरिकेतील रुग्णांच्या माहितीचा २००१ साली पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा असे आढळले की दिवसाला पाव लिटर लघवी जास्त होत असलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. स्वतःचे मूत्रपिंड थोडे जरी चालू असले तरी ते कोणत्याही पिशवीपेक्षा मोलाचे. म्हणूनच आमचे डॉक्टर अण्णांना सांधेदुखीच्या गोळ्या परस्पर घेऊ देत नसत. त्या गोळ्या उरलेले मूत्रपिंड संपवू शकतात. मेडिकल स्टोअरमधून "एक पेनकिलर द्या" म्हणून आणण्याची आपल्याला जी सवय आहे, तिच्यापासून मूत्रपिंडाच्या रुग्णाने लांब राहावे.

सतत प्रवाही पद्धतीने रुग्ण जास्त जगतात किंवा रुग्णालयात कमी वेळा जातात, हे दाखवणारा मोठा अभ्यास झालेला नाही. झालेले अभ्यास लहान आहेत, मोजक्या रुग्णांवरचे आणि थोड्या दिवसांचे. द्रवाची धुण्याची ताकद वाढते हे त्यांतून नीट दिसते. त्यापुढचे अजून दिसायचे आहे.

मोठ्या तलावाचे उदाहरण

ही पद्धत घरोघरी का पोचली नाही, याची कारणे अण्णांनी मला मोठ्या तलावावरून समजावली होती. पश्चिमेकडून कोलांस नदीचे पाणी तलावात येते आणि दुसऱ्या टोकाला भदभद्याच्या दारांतून बाहेर पडते. म्हणून पाणी सगळ्या तलावातून फिरते. आता कल्पना करा की भदभद्याची दारे कोलांसच्या मुखाजवळच असती. आलेले पाणी तिथल्या तिथे निघून गेले असते, आणि बाकी तलाव तसाच साचलेला राहिला असता. पोटातही हेच होते. आत सोडणारी आणि बाहेर काढणारी नळीची तोंडे जवळ आली की ताजे द्रव काम न करताच बाहेर पडते. दोन वेगळ्या नळ्या घालाव्यात तर दोन छिद्रे, म्हणजे संसर्गाच्या दोन वाटा. एकाच नळीत दोन मार्ग केले तर ती जाड होते, आणि तोंडे लांब ठेवण्याची कसरत करावी लागते.

दुसरी अडचण समतोलाची. बाहेर जाणारा मार्ग जरा अडला आणि आत येणारा चालू राहिला, तर पोट फुगते, दम लागतो. भदभद्याची दारे वेळेवर उघडली नाहीत तर काय होते ते आपण पावसाळ्यात पाहतोच. त्यामुळे क्षणोक्षणी मोजमाप करणारे यंत्र हवे.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, द्रवाची. मिनिटाला २०० मिलिलिटर म्हणजे तासाला १२ लिटर, आठ तासांना ९६ लिटर. २ लिटरच्या ४८ पिशव्या एका रात्रीत! आमच्या घरी दिवसाला तीन-चार पिशव्या लागत, तरी महिन्याची खोकी आली की एक खोली अर्धी भरून जाई. म्हणून संशोधकांनी तेच द्रव बाहेर स्वच्छ करून पुन्हा पोटात सोडण्याचे मार्ग शोधले. एक मार्ग म्हणजे ते हिमोडायलिसिसच्या गाळणीतून फिरवणे. पण मग घरात दुसरे यंत्र, शुद्ध पाण्याची व्यवस्था आणि वीज हे सगळे आले. दुसरा मार्ग म्हणजे रसायनांनी भरलेली छोटी नळकांडी, जी द्रवातील घाण शोषून घेते. सिंगापूरमध्ये या तत्त्वावर अंगावर बाळगता येईल असे उपकरण तयार झाले आहे, आणि त्याच्या माणसांवरील सुरुवातीच्या चाचण्या झाल्या आहेत. त्यांत गंभीर अपाय दिसला नाही, पण पोट फुगणे आणि अस्वस्थ वाटणे अशा तक्रारी होत्या. युरोपातही अशा उपकरणावर काम चालू आहे. भोपाळमध्ये उद्या जाऊन बसवून घ्यावे असे त्यांतले काहीच आज नाही.

एका ठिकाणी मात्र या पद्धतीने आशा दाखवली आहे. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनच्या डॉक्टरांनी अचानक मूत्रपिंड बंद पडलेल्या लहान मुलांवर ती वापरून पाहिली. मुलांच्या संख्या लहान होत्या, पण साध्या पद्धतीच्या तुलनेत पाणी आणि क्रिएटिनिन दोन्ही पटींनी जास्त निघाले. हा उपयोग रुग्णालयातला, काही दिवसांपुरता, परिचारिकांच्या नजरेखाली. वर्षानुवर्षे घरी करायचे डायलिसिस ही वेगळी गोष्ट.

मग आज उपलब्ध काय, आणि त्यात जमायला काय हवे?

साध्या पोटाच्या डायलिसिसला कमी लेखू नये. हाँगकाँगमध्ये १९८५ पासून सरकारी व्यवस्थेत पहिला पर्याय तोच आहे. थायलंडने २००८ साली तसेच धोरण घेतले, आणि २०२२ साली निवड रुग्णावर सोपवली होती. आपल्याकडे प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली रक्ताच्या डायलिसिसपासून सुरू झाला, आणि २०१९ साली पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना आल्या. तरी आपल्या देशात बहुतेक रुग्ण रक्ताच्याच डायलिसिसवर आहेत, आणि अनेकांना दुसरा पर्याय आहे हे कोणी सांगतही नाही.

आमच्यासाठी पोटाचे डायलिसिस २०२० च्या टाळेबंदीत वरदान ठरले. केंद्रात जाणाऱ्यांचे हाल आम्ही ऐकत होतो. अण्णा मात्र घरी, आपल्या खिडकीजवळ, पिशवी टांगून बातम्या ऐकत बसलेले. त्यांच्या वहीत प्रत्येक खेपेची नोंद असे. किती आत, किती बाहेर, रंग कसा, वजन किती, रक्तदाब किती. कारखान्यातील लॉगबुकची सवय.

पण या पद्धतीचा एक शत्रू आहे, तो म्हणजे पेरिटोनायटिस, पोटातील पडद्याचा जंतुसंसर्ग. आमच्याकडे तो एकदाच झाला आणि तो माझ्यामुळे. गणपतीच्या आरतीला पाहुणे बसलेले, मी घाईत होते. नळीचे टोक जोडताना बोट लागले. लागले हे मला कळले होते. तरी "एवढ्याने काय होते" म्हणून तसेच जोडले. तिसऱ्या दिवशी बाहेर आलेले द्रव तांदळाच्या धुवणासारखे गढूळ होते आणि अण्णांचे पोट दुखत होते. दोन आठवडे प्रतिजैविके द्यावी लागली. ते वाचले, पण त्यानंतर त्यांची ताकद पूर्वीसारखी भरून आली नाही. अण्णांनी मला कधी एका शब्दाने बोलून दाखवले नाही. वहीत त्या दिवशी फक्त लिहिले होते, "द्रव गढूळ. डॉक्टरांना फोन केला."

म्हणून हे नियम लक्षात ठेवा.

• पिशवी बदलताना खोलीचे दार बंद, पंखा आणि कूलर बंद. भोपाळच्या मे महिन्यात हे कठीण जाते, पण अर्धा तास सोसावाच लागतो. तोंडावर मास्क, आणि हात साबणाने नीट धुवून कोरडे.

• टोकाला बोट लागले, किंवा लागल्याची शंका जरी आली, तरी जोडू नये. नळीची पकड बंद करून केंद्रातील परिचारिकेला लगेच फोन करावा.

• जुने द्रव काढायचे, आणि नवे भरण्याआधी थोडे ताजे द्रव नळीतून सोडून ती धुवायची. हा क्रम शिकवतील तसाच पाळावा. या धुण्याच्या युक्तीमुळेच १९८० च्या दशकात संसर्ग बरेच कमी झाले.

• द्रव गढूळ दिसले, पोट दुखले किंवा ताप आला तर सकाळपर्यंत थांबू नये. ती पिशवी फेकून न देता तपासणीसाठी सोबत न्यावी.

• पिशव्या उन्हात किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवू नयेत. गरम करण्यासाठी पाण्याच्या बादलीत बुडवू नयेत.

आणखी दोन गोष्टी. या द्रवातील साखर अंगात जाते, त्यामुळे वजन आणि रक्तातील साखर वाढू शकते. तसेच दिवसाला पाच ते दहा ग्रॅम प्रथिने बाहेर जातात, म्हणून डाळ, दूध, पनीर, अंडी यांचे प्रमाण आहारतज्ज्ञांना विचारून वाढवावे लागते. "किडनीचा रोगी, प्रथिने बंद" हा डायलिसिसपूर्वीचा नियम डायलिसिसनंतर उलटतो. पोटावर मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्यांना किंवा मोठा हर्निया असलेल्यांना ही पद्धत कदाचित जमणार नाही. ते डॉक्टर ठरवतील.

थांबण्याची किंमत

काकांच्या प्रश्नाकडे परत येऊ. नव्या पद्धतीची वाट पाहावी का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण नवी पद्धत वाईट आहे हे नाही. कारण असे की मूत्रपिंड वाट पाहत नाही. पोटातील नळी बसवल्यावर साधारण दोन आठवडे जखम भरू द्यावी लागते. हातातील फिस्टुला तयार व्हायला त्याहून जास्त, काही आठवडे ते महिने लागतात. तयारी न करता थांबलेला माणूस एके दिवशी दम लागून किंवा पोटॅशियम वाढून तातडीच्या विभागात पोचतो, आणि मग मानेत नळी घालून घाईचे डायलिसिस होते. तेव्हा निवड करायला वेळ उरलेला नसतो. आणि उद्या खरोखर वाहत्या पद्धतीचे चांगले उपकरण आले, तर आज पोटाचे डायलिसिस करणारा माणूस त्याचा विचार करू शकेल. आज काहीच न करणारा तोवर टिकेल का, हा प्रश्न आहे.

नेफ्रॉलॉजिस्टकडे जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या. काकूंना मी हेच लिहून दिले आहेत.

१. माझे मूत्रपिंड अजून किती काम करते, आणि डायलिसिस साधारण केव्हा लागेल?
२. मला पोटाचे डायलिसिस चालेल का? नसेल तर का नाही?
३. आपल्या केंद्रात पोटाच्या डायलिसिसचे किती रुग्ण आहेत, आणि रात्री-बेरात्री फोन घेणारे कोण?
४. घरातील दोन माणसांना प्रशिक्षण कोण देईल, किती दिवस?
५. आयुष्मान, सीजीएचएस किंवा निवृत्तांच्या योजनेत पिशव्यांचा खर्च बसतो का, की फक्त रक्ताच्या डायलिसिसचा? २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड मिळते, हे अनेक ज्येष्ठांना माहीत नाही.
६. प्रत्यारोपण शक्य आहे का?

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत जास्त महत्त्वाचे. अण्णांची साडेचार वर्षे द्रवाच्या वेगावर निघाली नाहीत. फोन उचलणारी एक परिचारिका होती, घरात हात धुणारी दोन माणसे होती, आणि वही होती. अण्णा २०२१ च्या डिसेंबरात झोपेतच हृदयविकाराने गेले. आदल्या रात्रीच्या खेपेची नोंद वहीत त्यांच्याच अक्षरात आहे.

काका परवा डॉक्टरांकडे जाऊन आले. नळी बसवायची की फिस्टुला करायचा, हे येत्या आठवड्यात ठरेल. काकूंना पिशवी बदलणे प्रत्यक्ष पाहायचे होते. अण्णांचे टांगायचे स्टँड आणि सरावासाठी ठेवलेली रिकामी पिशवी अजून आमच्याकडे आहे, म्हणून त्यांना रविवारी दुपारी घरी बोलावले आहे. आणखी कोणाला यायचे असेल, तर मंडळाच्या कार्यालयात नाव सांगून ठेवावे.

हा लेख माहितीसाठी आहे. उपचाराचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.